दुसरी डबी

३ तारीख, मंगळवार

चित्रीकरण रविवारी संपलं. आठ छोट्या फिल्म्स व्हायच्या आहेत, आणि आठही फिल्म्सचं सगळं सामान एका हार्ड ड्राइव्हवर आहे. तो ड्राइव्ह माझ्या टेबलावर आहे. दुसरी प्रत कुठेच नाही.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात बावीस वर्षं काम करते. नव्या बायांसाठी तिथे भिंतीवर सूचनांचा मोठा फलक आहे. बावीस वर्षं आई त्या फलकाखाली बसून डबा खाते, पण त्यावर काय लिहिलंय ते मी नववीत असताना तिला वाचून दाखवलं तेव्हा तिला कळलं. “एवढंच होय? हे तर आम्ही करतोच,” म्हणाली. वाचता येणाऱ्या तिथे चारच जणी. म्हणून सुपरवायझर बाईंना वाटलं की फलकाऐवजी फिल्म्स दाखवाव्यात. आई म्हणाली, माझी मुलगी करते असलं काम. त्या एका वाक्यावर मला काम मिळालं आणि त्याच वाक्यावर मी स्टुडिओतली नोकरी सोडली. महिनाअखेरपर्यंत फिल्म्स द्यायच्या आहेत, कारण एक तारखेला पंधरा नव्या बाया रुजू होतील. माझं काम फसलं तर नाव आईचं जाईल.

तेव्हा दुसरा ड्राइव्ह घ्यायचा. वहीत तक्ता केला: जागा, वेग, वजन, वॉरंटी, लोकांची मतं. मतं वाचू नयेत. एकजण म्हणतो सहा वर्षं वापरतोय, दुसरा म्हणतो सहाव्या दिवशी बंद पडला. दोघंही त्याच ड्राइव्हबद्दल.

आज आईची सुट्टी. सुट्टीला ती घर पुसते. माझ्या टेबलावरची वही उचलली, माउस उचलला, ड्राइव्ह उचलला, खालून पुसलं, पुन्हा रेघ मारल्यासारखं जागच्या जागी ठेवलं. म्हटलं, आई, कडेने पुसलंस तरी चालेल.

“कडेने पुसणं म्हणजे पुसलं असं नुसतं सांगणं,” आई म्हणाली. “ते मला जमत नाही.”

मलाही जमत नाही. हे मी तिच्याकडूनच उचललं असणार.

५ तारीख, गुरुवार

दुकानात जाऊन आले. दुकानदार बोलके आहेत. म्हणाले, मुळात दोन जाती. एकात तबकडी फिरते आणि तिच्यावर बारीक सुई तरंगते. त्यात जागा भरपूर, पण वेग कमी, आणि चालू असताना धक्का सोसत नाही. दुसरी जात म्हणजे एसएसडी. त्यात फिरणारं काहीच नाही. वेगवान, हलका, पण तेवढ्याच पैशात जागा निम्मीसुद्धा नाही.

“तुम्ही ड्राइव्हवरूनच एडिटिंग करणार की नुसतं साठवणार?”

“दोन्ही.”

“मग एक एसएसडी कामाला आणि एक तबकडीवाला साठवायला.”

दोन! माझं एकाचंच ठरत नाही. विचार करून येते म्हटलं. “करा, करा,” ते म्हणाले. “मागच्या आठवड्यातही तुम्ही हाच हातात धरून उभ्या होतात. त्याला आता तुमची ओळख पटली असेल.”

लाज वाटली. घरी येऊन तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला.

बाबा रात्री गोदामाची राखण करतात आणि दिवसा झोपतात. चहाला उठले तेव्हा म्हणाले, “एवढी काळजी आहे तर तुझी डबी मलाच राखायला दे. रात्री गोदाम, दिवसा डबी. पगार मात्र दोन घेईन.” ड्राइव्हला आमच्या घरात डबीच म्हणतात.

७ तारीख, शनिवार

कॅमेरा आणि त्याची चार कार्डं स्टुडिओतल्या फोटोग्राफर दादांकडून मागून आणली होती. शनिवारी परत करते असं सांगितलं होतं, म्हणून आज परत केली. दादा म्हणाले, “अगं, राहू दे ना कार्डं पंधरा दिवस. मला कुठे लागतायत?”

मी म्हटलं, शनिवार म्हणजे शनिवार. वस्तू स्वच्छ करून परत द्यावी म्हणून कालच कार्डं पुसून रिकामीही केली होती. दादा माझ्याकडे बघत राहिले. “दुसरी प्रत केलीस ना?”

“करतेय,” मी म्हटलं.

हे खोटं होतं का? करणार आहे, हे खरं. करतेय, हे खरं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

९ तारीख, सोमवार

फूटपट्टी मावशींचा आज धुलाईघरातला शेवटचा दिवस. घडी घालायच्या टेबलावर त्या चौतीस वर्षं उभ्या राहिल्या. त्यांनी घातलेल्या शंभर चादरींच्या घड्या एकावर एक ठेवल्या तरी एकही कड बाहेर येत नाही, म्हणून हे नाव. चौथी फिल्म सगळी त्यांच्या हातांची आहे. आता त्या मुलाकडे राहायला गेल्या, दोन बस बदलून जावं लागतं. जाताना मला म्हणाल्या, “माझे हात नीट ठेव गं. आता तुझ्याकडेच आहेत ते.”

उद्या ड्राइव्ह नक्की घेते.

१० तारीख, मंगळवार

सकाळी कॉम्प्युटरला मोठ्या फाइल्सच्या हलक्या प्रती बनवायला लावलं. त्यावरच कापाकापी करायची, म्हणजे कॉम्प्युटर अडत नाही. या प्रतीही त्याच ड्राइव्हवर जात होत्या. चार तास लागणार होते. तेवढ्यात दुकानात जाऊन येऊ म्हणून निघाले. आई घरी होती, बाबा झोपलेले होते.

दुकानात दीड तास उभी राहिले. एसएसडी घ्यायचाच असं ठरवलं, आणि मग वाटलं की जागा पुरली नाही तर? दुकानदारांनी जेवायला दुकान बंद केलं. मी हात हलवत परत आले.

घरी आले तर कॉम्प्युटरवर लिहिलेलं: ड्राइव्ह सापडत नाही. कान लावला. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता. तार काढून पुन्हा लावली. तोच आवाज.

आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, हातात फडकं घेऊन. “काय झालं?” असं तिने विचारलंसुद्धा नाही. माझा चेहराच तसा झाला असेल. बाबा या वेळी कधी उठत नाहीत, पण अंथरुणावर उठून बसले होते. मला बघून म्हणाले, “मी झोपलो होतो हं. मला काहीच माहीत नाही.” मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. माझ्या तार ओढण्याच्या आवाजाने झोप मोडली असणार. तेही माझ्यामुळेच.

टेबल लख्ख पुसलेलं होतं, सगळं जागच्या जागी. अशा घरात राहून माझंच काम असं कसं?

११ तारीख, बुधवार

दुरुस्तीवाल्याकडे गेले. आईने अर्धी रजा टाकली आणि बरोबर आली. नको म्हटलं तरी ऐकेना.

त्याने ड्राइव्ह कानाशी धरला, मग उजेडात फिरवला. “आपटलाय हा.”

“नाही,” मी म्हटलं.

“चालू असताना आपटलाय. कोपरा बघा, चेपलाय.”

“टेबलावरून हललासुद्धा नाही. आमच्या घरात वस्तू कुणी आपटत नाही. माझी आई काचेचा पेला ठेवते तर आवाज येत नाही.”

मी जरा चढ्या आवाजातच बोलले. त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “चल, मला उशीर होतोय.”

त्याने ड्राइव्ह ठेवून घेतला. शुक्रवारी सांगतो म्हणाला. रस्त्यात आईने विचारलं, “आत काय असतं गं त्यात?” मी तबकडीचं आणि सुईचं सांगितलं. सुई तबकडीला टेकत नाही, केसाहून कमी अंतरावर तरंगते.

“आणि टेकली तर?”

“तर ओरखडा. लिहिलेलं पुसून जातं.”

बस आली तरी आई जागची हलली नाही, मी हाताला धरून चढवली. ती दमली होती. उभ्याचं काम, आणि त्यात माझी ही कटकट.

१२ तारीख, गुरुवार

आठवलं! रविवारी चित्रीकरण संपवून परत येताना धुलाईघराच्या लोखंडी फाटकावर माझी बॅग आपटली होती. ड्राइव्ह तिच्यातच होता. कोपरा तेव्हाच चेपला असणार. मग इतके दिवस चालत राहिला आणि मंगळवारी जीव सोडला. तो माणूस खरंच बोलत होता, आणि मी त्याच्यावर खेकसले. उद्या माफी मागायची.

आईला सांगितलं, माझ्याच हातून आपटलाय. ती भात कालवत होती, हात तसाच राहिला. म्हणाली, “तुझ्या हातून नाही.”

“तू होतीस का तिथे?”

आई उठली आणि ताट घासायला घेतलं. जेवण तसंच टाकून.

१३ तारीख, शुक्रवार

काहीही निघालं नाही. माफी मागितली. दुरुस्तीवाला म्हणाला, “चालू नसताना फाटकाला लागून असं होत नाही, ताई.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “जाऊ द्या. झालं ते झालं.”

मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.

१४ तारीख, शनिवार

बाबा म्हणाले, “मशीन बिघडलं म्हणून सांग. खोटंही नाही ते.” पण ते पूर्ण खरंही नाही. सुपरवायझर बाईंकडे गेले. त्या स्वच्छ बाजूला उभ्या होत्या. धुलाईघराच्या मधोमध भिंत आहे, एका बाजूला मळके कपडे, दुसऱ्या बाजूला धुतलेले, आणि माणसांनी कुठल्या दाराने कुठे जायचं हे ठरलेलं. आई जवळच ट्रॉली लावत होती.

मी सगळं सांगितलं. बॅग फाटकावर आपटली ती माझ्या निष्काळजीपणाने. दुसरी प्रत केली नाही ती मला ड्राइव्ह निवडता आला नाही म्हणून. कार्डं पुसली ती कुणी मागितली नसताना.

बाई म्हणाल्या, “नव्या बाया एक तारखेला येणार, त्यात बदल नाही.”

“पुन्हा चित्रीकरण करते. दोन दिवसांत उरकते. जास्तीचं काही मागणार नाही.”

“ते तर मागूच नकोस.” आणि मग आईकडे वळून म्हणाल्या, “मात्र मुलीला चांगलं वळण लावलंयत. दुसरी असती तर मशीनवर ढकलून मोकळी झाली असती.”

आई काहीतरी म्हणायला गेली. मग ट्रॉली तिथेच सोडून ती स्वच्छ बाजूच्या दारातून सरळ मळक्या बाजूला निघून गेली. त्या दाराने तिकडे कुणी जात नाही. बावीस वर्षांत आई असं चुकली नसेल. बाईसुद्धा बघत राहिल्या.

मी तिला केवढा कमीपणा आणला.

१७ तारीख, मंगळवार

बाकी सगळं पुन्हा करता येईल, पण चौथी फिल्म? फूटपट्टी मावशी गेल्या. त्यांच्यासारखी घडी दुसरीला येत नाही. ती फिल्म साधीच करावी लागेल असं काल आईला म्हटलं होतं.

आज उठले तर आई घरात नव्हती. सुट्टीचा दिवस, घर न पुसलेलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “गेलीय. येईल.”

संध्याकाळी दोघी दारात उभ्या. आईचा चेहरा पांढराफटक. बसमध्ये तिला उलट्या होतात, आजीच्या आजारपणात सोडलं तर ती लांबच्या बसला कधी बसलेली नाही. मागून फूटपट्टी मावशी पिशवी सावरत आत आल्या.

“तुझी आई म्हणजे काय बाई आहे! दारात येऊन उभी राहिली, आणि पाणीसुद्धा घेईना. म्हणते, आधी ‘येते’ म्हणा. माझ्या सुनेला वाटलं कुणी गेलं की काय.”

“मावशी, तुम्हाला किती त्रास...”

“मला कसला? मी दोन्ही बसमध्ये झोपले. ओकली ती.”

आई आत जाऊन आडवी झाली. मी पाय चेपायला बसले तर तिने पाय ओढून घेतले.

२१ तारीख, शनिवार

काल आणि आज मिळून सगळं झालं. अंगात त्राण नाही. दादांनी कॅमेरा पुन्हा वापरायला दिला, आणि या वेळी कार्डं महिनाभर माझ्याकडेच राहणार. मी न मागता त्यांनीच बजावलं.

चौथी फिल्म आधीपेक्षा चांगली झाली. मावशी म्हणाल्या, “आधीच्या वेळी माझं लक्ष तुझ्या कॅमेऱ्याकडे होतं. आज चादरीकडे आहे.”

अडलं ते सहाव्या फिल्मला. ती पडलेल्या चादरीची. धुतलेली चादर जमिनीला लागली की ती मळकी धरायची, कुणी पाहिलं नसलं तरी. मळक्या पिशवीत टाकायची आणि सांगायचं. पहिल्या वेळी आईने हे एका दमात केलं होतं. आज चादर हातातून सोडली, उचलली, आणि तोंडातून शब्द फुटेना. तीन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, “थांब. बंद कर जरा.”

मावशी घडीच्या टेबलावरून ओरडल्या, “काय गं, पोरींना हेच सांगून सांगून कान किटवलेस, आणि आता दातखीळ बसली?”

मी म्हटलं, आई, दमली असशील तर हे दुसऱ्या कुणाकडून घेऊ.

“नाही. मीच.”

चौथ्या वेळी तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही, कॅमेऱ्याच्या मागे माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “चादर मुद्दाम कुणी पाडत नाही. स्वच्छच ठेवायला जातो आणि हातातून सुटते. पण सुटली की लगेच सांगायचं. उशीर केला की मग सांगणं फार अवघड होऊन बसतं.”

शेवटची वाक्यं आमच्या ठरलेल्यात नव्हती. माझ्याकडे बघितल्यामुळे नजर चुकलीय, खरं तर पुन्हा घ्यायला हवं होतं. पण मशीन चालू झाली आणि आवाज वाढला. राहू दे. इतकं खरं मला लिहून देता आलं नसतं.

२३ तारीख, सोमवार

मावशींना सकाळी बसवर पोचवलं. संध्याकाळी आई कामावरून सुटल्यावर म्हणाली, “चल, तुझी डबी आणू.” आई आजवर त्या दुकानात आली नव्हती.

दुकानदार मला बघून हसले, आईला बघून खुर्ची पुढे केली. मी वही काढली. आईने ती माझ्या हातातून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली.

“एकच सांगा,” ती म्हणाली. “पडली तर काय होतं?”

“कोणती, आई?” दुकानदारांनी दोन्ही समोर ठेवल्या. “ही तबकडीवाली, ही चालू असताना पडली तर संपलं. ही एसएसडी, हिच्यात हलणारं काही नाही. टेबलावरून पडली तरी बहुतेक काही होत नाही.”

“बहुतेक?”

“नाहीच होत.”

“टाकून दाखवा.”

“अहो, नवी आहे!”

“म्हणूनच.”

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी त्यांची स्वतःची, वापरातली, आतून काढली, कॉम्प्युटरला लावली, तिच्यावरचं एक गाणं सुरू केलं आणि काउंटरवरून खाली सोडली. तारेला हिसका बसला, डबी फरशीवर आपटली. गाणं चालूच राहिलं.

“आता मी टाकते,” आई म्हणाली.

तिने ती उचलली, पदराने पुसली, काउंटरच्या उंचीवर धरली आणि सोडली. गाणं चालू. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. दुकानात आलेलं एक जोडपं बघत उभं राहिलं. तिसऱ्यांदा सोडल्यावर आईने डोळे मिटून इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं तिला घेरी येतेय.

“हीच द्या,” ती म्हणाली. “दोन द्या. जागा कमी पडली तर पडू दे.”

तीन आठवड्यांचा तक्ता, आणि हा प्रश्न त्यात नव्हता. न शिकलेल्या माणसाला नेमकं काय विचारायचं ते बरोबर सुचतं. कुणास ठाऊक कसं.

परतताना आई म्हणाली, “तुला एक सांगायचंय.”

मी थांबले. समोरून बस येत होती, तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं. बस गेल्यावर म्हणाली, “काही नाही. फिल्म्स झाल्या की सांगेन.”

२४ तारीख, मंगळवार

सगळं दोन्ही डब्यांवर चढवलं. कार्डंही जवळ आहेत. पहिली फिल्म कापून झाली, दुसरी निम्मी. वेळेत होईल.

आज आईची सुट्टी. मी दादांकडे कॅमेरा द्यायला गेले होते, तेवढ्यात तिने घर पुसलं. येऊन पाहिलं तर टेबल पुसलेलं होतं, वही, माउस जागच्या जागी. फक्त टेबलावरच्या डबीच्या चारही बाजूंना धुळीची बोटभर पट्टी तशीच होती. आईने जन्मात पहिल्यांदा काहीतरी कडेने पुसलं.

बरेच दिवस धावपळ झाली तिची. थकली असेल. पुढच्या मंगळवारी मीच पुसेन.